दस्तगीर मुजावरनं न केलेली सही

अब्बा, रेहाना वहिनी, मौलानासाहेब, शेडमधल्या माझ्या भावांनो, आणि कुरुंदवाडहून सकाळच्या एसटीनं आलेले सगळे पाव्हणं.

बसा. खुर्च्या कमी पडल्या, माफी असावी. मागच्यांनी मिलिंग मशीनच्या कट्ट्यावर बसलं तरी चालेल, सकाळीच पुसून घेतलंय. कपडे खराब होणार नाहीत.

मला मशीन बंद असताना बोलायची सवय नाही. या शिरोलीत शेड टाकल्यापासून मी ओरडूनच बोलत आलो. आज सगळे स्विच बंद आहेत आणि माझाच आवाज मला नको इतका मोठा ऐकू येतोय. काय बोलायचं ते लिहून आणलंय. पण कागद हातात असला म्हणून बोलणं सोपं होत नाही, हे आत्ता कळतंय.

आपला दस्तगीर गेला. दस्तगीर मुजावर. या शेडमध्ये एकोणीस वर्षं इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसलेला माणूस. सव्वा वर्षापूर्वी आखातात नोकरीला गेला आणि तिथं विमानातून टाकलेल्या बॉम्बनं गेला. अब्बांना मुलाचा चेहरा बघायला मिळाला नाही. जे काही उरलं ते तिकडंच दफन केलं. परवा चाळीसावा झाला. म्हणून आज आपण जमलोय.

मी कोण, हे पाव्हण्यांसाठी सांगतो. मी या शेडचा मालक. नेसरीकडचा. कोल्हापुरात आलो तेव्हा अंगावरचे कपडे आणि एक पत्र्याची पेटी होती. शिकलो बेताचंच. देवानं एक चीज दिली, ती म्हणजे कान. गेटावरनं आत येताना मला कळतं, कुठल्या लेथचं बेअरिंग जायला आलंय, कुणाचं टूल बोथट झालंय, आणि कोण मशीन मोकळं फिरवत ठेवून मोबाईल बघतोय. हसू नका, संभाजी, तुझंच सांगतोय.

पण एकट्या कानानं धंदा चालत नाही. मोजणारा डोळा लागतो. तो डोळा दस्तगीर होता. केसाच्या विसाव्या हिश्शाएवढा फरक तो मायक्रोमीटर लावायच्या आधी बोटानं सांगायचा. मग मायक्रोमीटर लावायचा, आणि तेवढाच निघायचा. तरी म्हणायचा, "बोटाचं सांगू नगा कुणाला. कागदावर मापच लिवायचं."

त्यानं कामाला लागल्या लागल्या माझ्याकडनं एक नियम कबूल करून घेतला होता. ज्यानं जॉब केला त्यानं तो पास करायचा नाही. मालकानं केला तर मालकानंही नाही. मी एकदा गंमत म्हणून स्वतः शाफ्ट केला आणि स्वतःच सही ठोकली. दस्तगीरनं कागद फाडला आणि म्हणाला, "शेठ, आपल्या पोराला आपणच पैला नंबर द्यायचा आसंल तर शाळा कशाला पायजे?"

असा माणूस. कमी बोलायचा, पण बोलला की नेमकं वर्मावर बसायचं.

आता मी जे सांगणार आहे ते शोकसभेत सांगायची रीत नाही. गेलेल्याचे गुण सांगायचे, डोळे पुसायचे, चहा घ्यायचा, घरी जायचं. मला तेवढ्यावर सुटता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी शेडला एक काम आलं. अॅल्युमिनियमचं. पातळ, तिरकस, कडेला निमुळतं होत गेलेलं पान. एका सेटला चार पानं. ड्रॉइंगवर भागाचं नाव नव्हतं, नुसता नंबर. आपल्याकडं अशी ड्रॉइंगं रोज येतात. कशाला लागतं, कोण घेतं, आपण विचारत नाही. विचारणारा माणूस गिऱ्हाइकाला आवडत नाही. पण मला ते काम देताना तोंडी सांगितलं होतं. वरून टाकायच्या बॉम्बला मागं पंख बसवतात. त्या पंखांनी तो बॉम्ब वाटेत वळतो, दिशा धरतो, आणि सांगितलेल्या जागेवर जाऊन पडतो. ते पंख. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू? लेथखालचा कीस झाडणाऱ्या माणसाकडं असलं काम आलं.

दस्तगीरनं पहिला सेट टेबलावर घेतला. उलटा केला, सुलटा केला. म्हणाला, "शेठ, हे कशाचं?"

मी म्हणालो, "फवारणीच्या पंपाचं."

जेवणाच्या सुट्टीत त्यानं चारी पानं एका पाइपच्या तुकड्याभोवती दोरीनं बांधली आणि माझ्या टेबलावर आणून उभी केली. म्हणाला, "फवारणीच्या पंपाला पंख कशाला लागत्यात, शेठ? उडत जाऊन फवारतोय व्हय?"

शेड हसलं. मीही हसलो. मग तो हळूच म्हणाला, "कुणावर पडणार हाय हे?"

मी म्हणालो, "दस्तगीर, तुला गेज दिलाय. मोज."

"मोजतो की. पास करत न्हाय."

आणि त्यानं तसंच केलं. शंभर टक्के माल मोजला. एकही पान चुकलेलं नव्हतं. प्रत्येक मापाची नोंद त्याच्या सुरेख अक्षरात आहे. खाली सहीची जागा कोरी. मी आधी समजूत काढली, मग चिडलो. मी म्हणालो, "माप बरोबर हाय तर सही का न्हाय?" तो म्हणाला, "माप बरोबर हाय म्हणून तर. चुकीचं आसतं तर रिजेक्ट मारून मोकळा झालो आसतो."

मग त्या कागदांवर सही कुणी केली? मी केली. माझ्या शेडमध्ये झालेला माल मीच पास केला.

त्यानंतर आमचं भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तो कामावर यायचा, बाकीची सगळी कामं चोख करायचा, त्या खोक्यांच्या बाजूनं जायचा नाही. मला त्याच्या टेबलावरनं जाताना मान वळवावी लागायची. म्हणून तो जेव्हा म्हणाला, "शेठ, भाइर देशात पंपाचं काम मिळतंय, जाऊ का?", तेव्हा मी चटकन हो म्हणालो. इतक्या चटकन की तो माझ्याकडं बघतच राहिला. एकोणीस वर्षं सोबत असलेल्या माणसाला मी अडवलं नाही. एकदाही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्याला अनुभवाचा दाखला पाहिजे होता. आता इथं बसलेले बहुतेक जण शेडवाले आहेत, आपल्याला ठाऊक आहे आपण काय करतो. सोडून जाणारा माणूस चांगला असला की त्याच्या दाखल्यात आपण दोन गोष्टी चढवून लिहितो. हेल्परला फिटर करतो, फिटरला सुपरवायझर करतो. त्यात वाईट काही वाटत नाही. उलट मन मोठं केल्यासारखं वाटतं. मीही मन मोठं केलं. मी लिहिलं, 'संरक्षण खात्याच्या अतिअचूक भागांच्या तपासणीचा प्रदीर्घ अनुभव.'

दस्तगीरनं वाचलं. म्हणाला, "शेठ, हे मी केल्यालं न्हाय. हेच तर केल्यालं न्हाय."

मी म्हणालो, "अरे, कोण बघतंय तिकडं? दाखला दणदणीत दिसला की पगार बरा बसतो. वहिनींचा विचार कर."

त्यानं घडी घातली आणि खिशात ठेवला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. स्वतःवर खूश होऊन मारली, हे आज कळतंय.

तिकडं त्याला काम मिळालं ते समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात. मागं एक पत्र्याचं वर्कशॉप. दोन लेथ, एक ड्रिलिंग, आणि दुरुस्तीला आलेले पंप. गेल्यावर महिनाभरानं त्यानं मला मोबाईलवर आवाज धाडला. "शेठ, सलाम. जरा ऐका." आणि मग अर्धा मिनिट नुसती पंपाची घरघर. शेवटी विचारतोय, "बेअरिंग गेलंय का इंपेलर घासतोय? हितला इंजिनिअर म्हणतोय बेअरिंग. मला पटंना."

इंपेलर म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चक्र. मी ऐकलं आणि उलट आवाज धाडला. "इंपेलर हाय. एका बाजूनं खातोय. बेअरिंगला हात लावू नको."

तासाभरानं उत्तर आलं. "इंपेलरच निघाला. माझं बी त्येच म्हणणं होतं. पर दुसऱ्याकडनं पास करून घ्याला पायजे न्हवं?"

मग दर आठवड्याला असं काहीतरी यायचं. आम्ही समोरासमोर असताना जे बोलणं बंद पडलं होतं ते पंपाच्या आवाजात सुरू झालं. एकदा म्हणाला, "शेठ, आख्खं गाव ह्येच पाणी पितंय. पंप बंद पडला की बायका घागरी घिऊन गेटावर येत्यात. आपल्याकडच्यागतच भांडत्यात." मला त्याचं बरं चाललंय हे ऐकून समाधान वाटायचं. ते सगळे आवाज अजून या मोबाईलमध्ये आहेत. मी कित्येकदा ऐकलेत. लेथ, पंप, हातोडी, मागं कुणीतरी चहाला हाक मारतंय. या कानांवर माझं पोट चाललंय. त्या वर्कशॉपमध्ये पंपाशिवाय काही चालत नव्हतं.

पण विमानाला आवाज येत नाही. विमानाला वरनं छप्पर दिसतं. तापलेली मोटार दिसते. आत-बाहेर करणारी गाडी दिसते. आत लेथ आहे एवढं कळलं की ज्याला जे वाटायचं ते वाटतं.

मग तिकडं लढाई पेटली. कोण कुणावर, कुणाचं खरं, ते मी सांगत बसत नाही, टीव्हीवर रोज सांगतात. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत संभाजीच्या मोबाईलवर एक चित्रफीत आली. आम्ही सात-आठजण डबे उघडून बसलो होतो. काळंपांढरं चित्र. वरनं एक छप्पर, मध्ये फुली. वरच्या कोपऱ्यातनं एक पांढरी रेघ आली आणि छपराच्या बरोबर मधोमध आत शिरली. मग धूर. शेजारची भिंत उभीच्या उभी.

संभाजी म्हणाला, "काय नेम हाय, मालक."

आणि मी काय म्हणालो? ऐकणारे इथंच बसलेत, मला लपवता येणार नाही. मी म्हणालो, "परत लाव." परत लावलं. मी म्हणालो, "हाताच्या अंतरात बसवलाय. ह्याला म्हणायचं काम." तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच होता. आम्ही मापावर जगणारी माणसं. अचूक काही दिसलं की आमचं तोंड आपोआप कौतुकाला उघडतं. आत कोण आहे हे विचारायची आम्हाला सवयच नाही.

आत दस्तगीर होता.

तिसऱ्या दिवशी कळलं. छप्पर तेच, गाव तेच, वेळ तीच. मी दस्तगीरला मरताना तीनदा बघितलं आणि तिन्ही वेळा वाहवा केली.

त्यानंतर बॉम्ब टाकणाऱ्यांचं निवेदन आलं. शस्त्रांचे भाग बनवणारं वर्कशॉप होतं, हल्ला अचूक झाला, आजूबाजूला हानी झाली नाही. आजूबाजूला खरंच झाली नसेल. दस्तगीर आजूबाजूला नव्हता, मधोमध होता. बातमीदारांनी त्यांना विचारलं, चौकशी केली का? म्हणाले, केली. कुणी केली? आम्हीच केली. आमचा नेम आम्हीच तपासला आणि बरोबर ठरवला. दस्तगीर असता तर त्यानं तो कागद फाडला असता.

नेम चुकला नाही, हे मीही सांगतो. काम ड्रॉइंगप्रमाणे झालं. पण ड्रॉइंगच चुकलं होतं. आणि ड्रॉइंग चुकलेलं असलं की हात जितका सफाईदार तितकं वाटोळं जास्त. कुणाचा तरी हात थरथरला असता, एखादं पान वाकडं झालं असतं, तर तो बॉम्ब समुद्रात पडला असता आणि आज दस्तगीर मला कसलातरी आवाज पाठवत असता. त्या बॉम्बला लागलेले पंख इथले होते का? मला ठाऊक नाही. नसतीलही. मी विचारलं, उत्तर आलं नाही, येणारही नाही. नंबरवरनं माल जातो, तो पुढं कुठं जातो हे सांगायला कुणी बांधील नाही. 'आपले नसतील' असं म्हणून झोपायची मुभा मला आहे. बघा ती घेता येते का.

आता शेवटचं. ज्या कंपनीमार्फत तो गेला होता तिचं पत्र वहिनींना आलं. कारखाना लष्करी उपयोगाचा होता असं समजतं, आणि मयताच्या स्वतःच्या कागदपत्रांत संरक्षण कामाचा अनुभव नमूद आहे. सबब मयताला साधा कामगार मानून भरपाई देता येत नाही. सोबत माझ्या दाखल्याची प्रत.

ते पत्र घेऊन वहिनी इथं आल्या. त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "दादा, ही सही तुमचीच न्हवं?"

मी म्हणालो, "होय."

"ह्यात लिवलंय ते खरं हाय?"

मी म्हणालो, "चहा घ्या, वहिनी."

खरंच सांगतो, एवढंच बोललो. त्यांनी चहा घेतला नाही. म्हणाल्या, "पैशाचं बगू म्हागनं. नर्गिसला कॉलेजात पोरी इचारत्यात, तुझा बाप तिकडं बॉम्ब करत हुता का. गल्लीत माणसं बोलायची थांबत्यात मी आली की. आमचं नाव मुजावर, दादा. आमच्यावर आसलं पटकन बसतंय. तुमी लिवलंयसा, तुमीच पुसा."

बरोबर आहे त्यांचं. ज्या एका माणसानं या शेडमध्ये ते काम केलं नाही, त्याच्या नावावर ते काम लागलं. आणि ज्यानं केलं तो इथं हार घातलेल्या फोटोशेजारी उभा राहून भाषण करतोय. कुणाच्या छपरावर फुली मारायचा हिशेब लावायचाच असेल तर तो वर्कशॉपला नाही, या शेडला लागतो. वर बघा. तेही पत्र्याचंच आहे.

पहिल्या रांगेत एक साहेब बसलेत. पंखांचं काम ज्यांच्याकडनं येतं त्या कंपनीचे. शोकसभेला आले, मी आभारी आहे. परवा त्यांचा फोन होता. "शेठ, सभा घ्या, आम्हीही येतो, पण लेखी काही देऊ नका." सल्ला भल्याचा होता. गेल्या वर्षीचा मी असतो तर ऐकला असता.

मी लेखी दिलंय. वाचतो.

'मी या कारखान्याचा मालक लिहून देतो की, दस्तगीर मुजावर यांना मी पूर्वी दिलेल्या दाखल्यातील संरक्षण कामाचा मजकूर खोटा आहे. तो मी त्यांचं म्हणणं न जुमानता घातला. असं काम माझ्या कारखान्यात झालं. ते मी घेतलं, मी करवलं आणि मीच पास केलं. दस्तगीर मुजावर यांनी ते पास करायला नकार दिला. त्यांची सही नसलेले सर्व तपासणी कागद सोबत जोडले आहेत. ते पंप दुरुस्त करणारे कामगार होते. त्यांनी पाठवलेले वर्कशॉपचे आवाजही सोबत देत आहे. कुणालाही ऐकवावेत.'

खाली सही केली आहे. एक प्रत दस्तगीरला तिकडं पाठवणाऱ्या कंपनीला गेली, एक कलेक्टर कचेरीत दिली, एक वर्तमानपत्राला दिली. ही चौथी वहिनींची. वहिनी, नर्गिसला द्या. कुणी विचारलं तर तिनं पुढं करावी.

पंखांचं काम मी परत करतोय. संभाजी, पंखांवर असलेल्या तुम्हा तिघांची मशीनं दुसऱ्या कामाला लावू, काळजी करू नका. आणि कुणी माझी पाठ थोपटू नका. आठ दिवसांत ते काम दुसऱ्या शेडला जाईल. तिथंही चांगले कारागीर आहेत. माप तंतोतंत बसेल. माझ्यावाचून जगातला एकही बॉम्ब वाट चुकणार नाही. पण या शेडमधनं ते खोकं आता बाहेर पडणार नाही. माझ्या हातात तेवढंच आहे, आणि ते मी दोन वर्षं उशिरा करतोय.

दस्तगीर, तुला सलाम. माफी मागत नाही. ज्याच्याकडं मागायची तो ऐकायला नाही, आणि जे ऐकतायत त्यांच्याकडं मागायची माझी लायकी नाही.

आता आपण उभं राहू. किती मिनिटं ते मी सांगणार नाही, ज्याला जेवढं जमेल तेवढं. साहेब, तुम्हाला गाडी गाठायची असेल तर निघालात तरी चालेल. अब्बा, तुमचे गुडघे दुखतायत, तुम्ही उठायचं नाही. तुम्ही बसूनच राहा. आम्ही तुमच्यासमोर उभे राहतो. मी सगळ्यांच्या पुढं येतो, म्हणजे तुम्हाला नीट दिसेन.